वाचकांचे प्रश्न : मुलांची आकडी, फेफरे आणि जुने वैद्यक

प्रश्न : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना बाधणाऱ्या नऊ ग्रहांमध्ये (हे आकाशातले ग्रह नव्हेत, बाधा करणाऱ्या शक्ती) ‘स्कंदापस्मार’ नावाचा एक ग्रह येतो आणि पुढे बऱ्याच अध्यायांनंतर अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, स्वतंत्र अध्याय येतो. मग जुन्या वैद्यांच्या मते मुलांची आकडी आणि फेफरे ही दोन दुखणी होती की एकच? ग्रीक वैद्यांनी या बाबतीत काही वेगळे पाहिले होते का?
(एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : उत्तरतंत्राचा सत्ताविसावा अध्याय नवग्रहांच्या लक्षणांचा आहे आणि अपस्माराचा अध्याय एकसष्टावा आहे. मात्र हे अंतर मुळात रोगांमधले नसून शाखांमधले आहे. सत्ताविसावा अध्याय कौमारभृत्यात, म्हणजे मुलांच्या वैद्यकात मोडतो. एकसष्टावा अध्याय भूतबाधेच्या अध्यायानंतर आणि उन्मादाच्या अध्यायाआधी येतो. रोगी तान्हा असेल तर एका शाखेने पाहावे आणि मोठा असेल तर दुसरीने, अशी ही वाटणी आहे. म्हणून केवळ अध्याय वेगळे आहेत एवढ्यावरून सुश्रुताने दोन रोग वेगळे ओळखले होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

लक्षणे वाचली की चित्र अधिक रंजक होते. स्कंदापस्माराने पछाडलेले मूल शुद्ध हरपते आणि पुन्हा शुद्धीवर येते, हातपाय असे झाडते की जणू नाचतेच आहे, मलमूत्र सोडते, ओरडते, जांभया देते आणि तोंडातून फेस काढते. मोठ्या माणसाच्या फेफऱ्याचे वर्णन करायचे झाले तरी यात फारसे काही बदलावे लागणार नाही. त्याच अध्यायातला नैगमेष ग्रह पाहा. तिथे मूल फेस ओकते, कमरेत वाकते, वर डोळे लावून विव्हळते, शुद्ध हरपते आणि त्याला सतत ताप असतो. हा ताप स्कंदापस्माराच्या श्लोकात नाही. एकात तापाशिवाय आलेली आकडी आहे आणि दुसऱ्यात तापातली, कदाचित मेंदूज्वरातलीही. अशी आजची चिठ्ठी या श्लोकांवर डकवण्याचा मोह मोठा असतो. परंतु संहिताकाराने स्वतः ही तुलना केलेली नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे ग्रह आहेत, त्यांची पूजा वेगळी आणि बळीही वेगळा. निरीक्षण उत्तम झाले, पण ते कशासाठी वापरायचे याची चौकट निराळी होती, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

झटक्यांची तिसरी जागा निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, वातव्याधींमध्ये आहे. तिथे आक्षेपक आहे, शरीर धनुष्यासारखे ताणणारे विकार आहेत, ज्यांना आपण आज धनुर्वात म्हणू तेही त्यातच आहेत. म्हणजे संहितेत झटके तीन ठिकाणी विखुरले आहेत : वाताच्या रोगांत, बाळाच्या ग्रहांत आणि अपस्मारात. यांपैकी अपस्माराची ओळख सर्वांत पक्की आहे. चरकाच्या निदानस्थानात तो स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांच्या गोंधळामुळे अधूनमधून होणारा अंधारातला प्रवेश म्हणून सांगितला आहे आणि त्यात शरीराच्या बीभत्स हालचाली होतात, असेही म्हटले आहे. शुद्ध जाणे आणि झटका अधूनमधून येणे, या दोन गोष्टींवर व्याख्या उभी आहे. नुसते झटके पुरेसे नाहीत.

‘अधूनमधून’ या मुद्द्याने त्या काळीही वाद माजवला होता. एकसष्टाव्या अध्यायात सुश्रुत विरोधकांचे मत देतो : हा रोग निमित्त नसताना येतो आणि काही उपाय न करताही जातो, तेव्हा तो वात, पित्त, कफ या दोषांमुळे होत नसावा. यावर सुश्रुताचे उत्तर असे की पाऊस पडत असतानाही जमिनीतली काही बीजे तेव्हा उगवत नाहीत, ती शरदातच उगवतात; रोगाचेही तसेच असते. दोष आत दबा धरून असतात आणि आपल्या वेळी वर येतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही माणूस रोगीच असतो, ही कल्पना येथे स्पष्ट शब्दांत आली आहे. मुलाला एकदा आकडी आली आणि पुन्हा कधीच आली नाही, तर त्याच्यात ते बीज होते की नव्हते, हा पुढचा प्रश्न मात्र संहिता विचारत नाही. काश्यपसंहितेत, जी मुख्यतः मुलांच्याच वैद्यकाची आहे, न बोलणाऱ्या बाळाचे दुखणे कशावरून ओळखावे हे सांगताना अकस्मात खदखदा हसणे हे अपस्माराचे चिन्ह म्हणून दिले आहे. हसण्याच्या स्वरूपात येणारे झटके आजच्या मेंदूविज्ञानालाही ठाऊक आहेत. त्यामुळे हे निरीक्षण वाचताना कोणत्याही डॉक्टरचे डोळे चमकतील.

आता ग्रीकांकडे. हिपोक्रेटिसच्या नावावर जमा असलेल्या ग्रंथांत ‘पवित्र रोगा’वर एक छोटा प्रबंध आहे. हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, या विधानासाठी तो प्रसिद्ध आहे. त्यातला एक परिच्छेद फारसा उद्धृत होत नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाला झटका येणार हे आधी कळले तर तो लाजेने लोकांपासून दूर पळतो आणि डोके झाकून घेतो. लहान मुले सुरुवातीला जिथे असतील तिथेच पडतात, कारण त्यांना अनुभव नसतो. वारंवार झटके आले की मात्र चाहूल लागताच ती आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धावतात, कारण लाज म्हणजे काय हे त्यांना अजून कळलेले नसते, त्यांना फक्त भीती वाटते. हे लिहिणाऱ्याने एकाच मुलाचे अनेक झटके पाहिले असणार. हे मूल फेफऱ्याचेच आहे, तापातल्या आकडीचे नव्हे, कारण झटक्याआधीची चाहूल ओळखायला झटके पुन्हापुन्हा यावे लागतात.

पण खरा फरक दुसऱ्याच ग्रंथात सापडतो आणि तिथे ‘पवित्र रोग’ हा शब्दही नाही. रोगाचा पुढचा प्रवास आधीच कसा ओळखावा यावरच्या या ग्रंथाच्या शेवटाकडे म्हटले आहे की, तीव्र ताप असेल, पोट साफ होत नसेल, झोप नसेल, मूल दचकत असेल, रडत असेल आणि त्याचा रंग पालटून हिरवट, काळसर किंवा लाल होत असेल, तर मुलांना आकडी येते. अगदी जन्मल्यापासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ती सहज येते. त्याहून मोठी मुले आणि पुरुष यांना मात्र, काही फार वाईट लक्षणे दिसल्याशिवाय, नुसत्या तापात आकडी येत नाही. एवढ्या थोड्या जागेत वय, ताप आणि मोठ्यांत तीच गोष्ट घडली तर तिचा निराळा अर्थ, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. आज तापातल्या आकडीसाठी साधारण सहा महिने ते पाच वर्षे ही मर्यादा धरतात. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणतेही यंत्र हाताशी नसताना कोणीतरी पुष्कळ मुलांच्या उशाशी बसून ही मर्यादा गाठली होती. दुर्दैव असे की त्याच परंपरेतल्या वारा-पाण्यावरच्या ग्रंथात उष्ण वाऱ्यांच्या शहरांतल्या मुलांचे झटके, त्यांचा दमा आणि तो ‘पवित्र’ मानला गेलेला रोग हे सारे एकाच वाक्यात येते. एकीकडे कमावलेला फरक दुसरीकडे असा विरघळून गेला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये ग्रीक वैद्य गॅलनने अपस्माराची व्याख्या अधिक बांधेसूद केली : सर्व शरीराचे झटके आणि त्यासोबत मनोव्यापार बंद पडणे, पण हे धनुर्वातासारखे अखंड नसते, मधे काळ जाऊन पुन्हा येते. चरकाच्या व्याख्येशी याचे साम्य आपल्याला जाणवेलच. दोघांनीही रोगाचे ओळखपत्र काळावर बेतले आहे. अडचण एवढीच की पहिल्या झटक्याच्या वेळी हे ओळखपत्र कोरेच असते. आईबाप वैद्याला बोलावतात ते नेमके तेव्हा.

अरबी वैद्यकाने आकडी आणि फेफरे या दोहोंत फारसा भेद ठेवला नाही. त्यांच्याकडे मुलांच्या झटक्यांना ‘उम्मुस्सिबियान’, म्हणजे ‘मुलांची आई’, असे नाव होते आणि लॅटिन अनुवादांतून ते युरोपात ‘मातेर पुएरोरुम’ म्हणून गेले. त्याच नावाने एक जिन्न स्त्रीही ओळखली जाई आणि तिच्यापासून रक्षणाचे ताईत भारतातही प्रचारात होते. म्हणजे रोग आणि बाधा यांच्या सीमेवरचे नाव आपल्या ग्रहांसारखे तिकडेही होतेच.

प्रश्न : आमच्या घरात सगळे सांगतात की दात येताना आकडी येतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ही समजूत फक्त आपल्याकडची आहे की डॉक्टरांचीही ती कधी होती?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ही समजूत डॉक्टरांचीच होती आणि ती त्यांनी फार उशिरा सोडली. हिपोक्रेटिसच्या सूत्रांत दात येण्याच्या काळात हिरड्यांना खाज, ताप, झटके आणि जुलाब होतात, विशेषतः सुळे येताना, असे म्हटले आहे. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने तर दात येणे हे सर्वच रोगांचे कारण म्हटले आणि ताप, जुलाब, खोकला, ओकारी, डोकेदुखी यांची नावे विशेष म्हणून घेतली. पण वाग्भटाचा पुढचा सल्ला शहाणपणाचा आहे : या दुखण्यांत बाळाला पथ्यांनी फार जखडू नये, दात आले की ती आपोआप शमतात.

युरोपात हा संयम राहिला नाही. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आम्ब्रॉझ पारे याच्यापासून हिरड्यांना चीर देण्याची पद्धत रूढ झाली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ती चालू राहिली. आकडी आलेल्या मुलाची हिरडी कापणे हा कित्येक डॉक्टरांचा पहिला उपाय असे. दात आणि झटके यांची ही सांगड मृत्यूंच्या नोंदींतही दिसते. लंडनमध्ये दरवर्षी मृत्यूंची यादी निघे. १६३२ सालच्या यादीत ‘दात’ या कारणाने ४७० मृत्यू नोंदले आहेत, ‘झटके’ या कारणाने २४१, आणि ‘पडण्याचा रोग’ म्हणजे अपस्मार, त्याने फक्त ७. हे कारण कोण लिहीत असे? मृतदेह पाहून चौकशी करणाऱ्या वृद्ध स्त्रिया. त्या वैद्य नव्हत्या, तरी झटके आणि पडण्याचा रोग यांची खाती त्यांनी वेगळी ठेवली होती. बहुधा त्यांचा आधार साधा होता : मूल एकाएकी झटक्यांत गेले की ते एका खात्यात, आणि ज्याला वर्षानुवर्षे झटके येत असल्याचे सारी आळी जाणत होती ते दुसऱ्या खात्यात.

आता दातांविषयी. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि दुधाचे सर्व दात अडीच वर्षांपर्यंत येतात. हाच काळ तापातल्या आकडीचा आहे. याच काळात अंगावरचे दूध सुटते, बाहेरचे पाणी आणि अन्न पोटात जाते, जुलाब होतात, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि मुडदूस असलेल्या मुलांच्या रक्तातले कॅल्शियम घसरून त्यातूनही झटके येतात. एवढ्या कारणांच्या गर्दीत डोळ्यांना दिसणारे एकच होते, ते म्हणजे हिरडीतून वर येणारा दात. साहजिकच सारा आळ त्याच्यावर गेला. त्यामुळे आपल्या घरातल्यांना मी दोष देणार नाही. पण ‘घाबरण्यासारखे काही नाही’ हा भाग मात्र स्वीकारू नये. का, ते एका डॉक्टर बापाच्या पत्रावरून कळेल.

१८४१ मध्ये इंग्लंडमधील टनब्रिज येथील डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिले. रोगी त्यांचाच मुलगा होता, तेव्हा जेमतेम वर्षाचा. चार महिन्यांचा असताना त्याचे डोके पुढे हलकेच लवू लागले. पुढे ते इतके वाढले की डोके गुडघ्यांकडे वाकायचे, लगेच सैल होऊन वर यायचे, काही सेकंदांनी पुन्हा तेच, आणि एका वेळी असे दहा-वीसदा किंवा अधिक वेळा व्हायचे. प्रत्येक खेप दोन-तीन मिनिटांची आणि दिवसातून अशा दोन-तीन खेपा. वेस्ट यांनी डोक्याला जळवा लावल्या, थंड पट्ट्या ठेवल्या, रेचके दिली, गरम पाण्याने न्हाऊ घातले आणि हिरड्यांना चीरही दिली. काही उपयोग झाला नाही. मुलाला लंडनला नेल्यावर सर चार्ल्स क्लार्क यांनी हे दुखणे ओळखले. त्यांच्या एवढ्या मोठ्या व्यवसायात त्यांनी असे चारच रोगी पाहिले होते आणि डोके लवते म्हणून ते त्याला ‘सलाम आकडी’ म्हणत. दुसरे डॉक्टर लोकॉक यांनी दोनच पाहिले होते. हेच लोकॉक पुढे १८५७ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडने झटके थांबल्याचे सांगणारे; अपस्मारावरचे पहिले खरोखर उपयोगी औषध त्यातून पुढे आले.

वेस्ट यांच्या मुलाला जे झाले त्याला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि ते बाल्यावस्थेतल्या अपस्माराचे गंभीर रूप आहे. त्यात मुलाची वाढ खुंटते आणि लवकर उपचार मिळाले तर फरक पडू शकतो. दात म्हणून हिरडी कापली गेली ती याच मुलाची. निरुपद्रवी आकडीला फेफरे समजणे ही एक चूक. फेफऱ्याला दातांची आकडी समजणे ही दुसरी आणि अधिक महागात पडणारी.

प्रश्न : मग हे दोन विकार नक्की वेगळे कधी झाले? आणि कांदा किंवा चप्पल हुंगवणे, गळ्यात वेखंड बांधणे हे उपाय जुन्या वैद्यांचेच आहेत का? ते लागू पडतात असे अनेकजण शपथेवर सांगतात.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : एका दिवशी कोणी रेघ ओढली, असे झाले नाही. अठराव्या शतकात रोगांची वनस्पतींप्रमाणे वर्गवारी करण्याचा प्रघात पडला, तेव्हा फ्रान्समधील माँपेलिए येथील बोआसिए द सोवाज यांनी तीव्र आणि एकाएकी येणाऱ्या झटक्यांना ‘एक्लॅम्प्सिया’ म्हटले आणि दीर्घकाळ चालणाऱ्या विकाराला ‘एपिलेप्सी’. ‘एक्लॅम्प्सिया’ हे नाव आज आपण बाळंतिणीच्या झटक्यांना देतो, आणि एकोणिसाव्या शतकात मुलांच्या आकडीलाही युरोपात ते सर्रास दिले जाई. एडिंबरोच्या विल्यम कलेन यांनी वेगळाच निकष लावला : शुद्ध राहिली तर झटका, शुद्ध गेली तर अपस्मार. हा निकष मुलांच्या बाबतीत कुचकामी ठरतो, कारण तापातल्या साध्या आकडीतही मूल बेशुद्ध असते. सोवाज यांचा काळाचा निकष अधिक टिकाऊ निघाला. पुढे १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची पद्धत सांगितली, तेव्हा मेंदूज्वराचे झटके निराळे काढता आले. १९२९ मध्ये हान्स बेर्गर यांनी मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा अपस्माराची खूण कागदावर दिसू लागण्याचा मार्ग मोकळा झाला. आजची व्याख्याही मुख्यतः काळाचीच आहे : ताप, कमी साखर किंवा डोक्याला मार असे तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने आलेले निदान दोन झटके. तापातली आकडी दोन-तीनदा आली तरी ती अपस्मार ठरत नाही. ती ज्यांना येते त्यांतल्या साधारण एकतृतीयांश मुलांना पुन्हा एखाद्या तापात येते, आणि साध्या प्रकारच्या आकडीनंतर अपस्मार होणारी मुले शंभरात एक-दोनच असतात.

उपायांविषयी गॅलनने स्वतःच एक प्रयोग लिहून ठेवला आहे. एका मुलाच्या गळ्यात पिओनी नावाच्या झाडाची मुळी बांधली होती आणि आठ महिने त्याला एकही झटका आला नाही. एक दिवस मुळी गळून पडली आणि तत्काळ झटका आला. पुन्हा बांधली, मूल बरे राहिले. गॅलनने खात्रीसाठी ती मुद्दाम काढली, पुन्हा झटका आला, मग त्याने ताजी आणि मोठी मुळी बांधली. मुळीचे सूक्ष्म कण श्वासातून आत जात असावेत, असे त्याने अनुमान काढले. प्रयोगाची रीत वाखाणण्याजोगी आहे, पण रोगी एकच होता आणि विकार असा, जो आपल्या मर्जीने येतो आणि जातो. आकडी आणि फेफरे वेगळे न काढल्याचा सर्वांत मोठा लाभ ताईतांना झाला. तापातली आकडी बहुतेकदा काही मिनिटांत थांबते आणि वय वाढले की येईनाशी होते. त्या काळात जे काही बांधले, जाळले किंवा हुंगवले असेल त्याच्या पदरी सारे श्रेय जाते. हिपोक्रेटिसच्या सूत्रांतही लहानपणचा अपस्मार मुख्यतः वय, जागा आणि राहणी बदलल्याने बरा होतो, असे म्हटले आहे. त्या बऱ्या झालेल्यांत साध्या आकडीची मुले किती असतील, याचा अंदाज आपणच करावा.

वेखंड, म्हणजे वचा, अपस्माराच्या संहितोक्त औषधांत आहे. ग्रहबाधेत धुरी देणेही सुश्रुतात आहे. बाळगुटीत वेखंड उगाळणारी आणि मनगटाला वेखंडाचे मणी बांधणारी आजी ही परंपरा पुढे नेत असते. कांदा आणि चप्पल यांचा उग्र वास झटका थांबवत नाही. तो थांबण्याच्या बेतात असतानाच बहुधा ते नाकापाशी पोचतात. मणी मनगटावर असल्याने फार बिघडत नाही, फक्त ते गळ्यात नसावेत आणि तोंडात जाण्याजोगे नसावेत. आकडी आल्यावर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, एका मागोमाग दुसरा आला, मूल सहा महिन्यांहून लहान असेल, ताप नसताना झटका आला असेल किंवा झटक्यानंतर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, तर तडक रुग्णालय गाठावे. पहिली आकडी कितीही लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि घरातल्या कोणीतरी तोपर्यंत लिहून ठेवावे : ताप किती होता, झटका किती वेळ टिकला, शरीराची एकच बाजू उडत होती की दोन्ही. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरणही करून ठेवावे.